माझ्या दंडावर घेतलेली परीक्षा

खळीचा वास आला की मला कळतं, परीक्षा आल्या. सोलापुरात उन्हाळा आल्याचं कुणाला आंब्यांच्या पेट्यांवरून कळत असेल, कुणाला रसाच्या गुऱ्हाळाच्या घुंगरांवरून. मला ते पांढऱ्या गणवेशांवरून कळतं. वर्षभर चुरगळलेल्या ॲप्रनात वॉर्डभर फिरणाऱ्या पोरी एकाएकी पुठ्ठ्यासारख्या कडक होऊन कॉलेजात येतात. चालल्या की कपडे करकरतात. त्या खळीच्या वासात स्पिरिटचा वास मिसळतो, नव्या कापसाच्या बंडलाचा कोरडा वास मिसळतो, आणि माझ्या मानेमागची शीर आपोआप ताठ होते. या सोमवारी पुन्हा तसंच झालं. अंतर्गत प्रात्यक्षिकं सुरू झाली.

मी नर्सिंगचा शिक्षक आहे. हे वाक्य वाचून काही लोक एकदा थांबतात, हे मला ठाऊक आहे. आमचं गाव टेंभुर्णीजवळ. तिथं माझ्या वडलांनी कितीतरी वर्षं मी नक्की काय करतो ते कुणाला सांगितलंच नाही. "पोरगं दवाखान्यात हाय," एवढंच. "डाक्टर हाय व्हय?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "तसंच की." त्या 'तसंच की'मध्ये माझी सगळी पदवी मावायची.

काम काय असतं म्हणाल, तर सकाळी सातला तीस पोरी घेऊन वॉर्डात जायचं. तिथल्या सिस्टर म्हणतात, "सर, तुमच्या मुली मधेमधे येतात." मुली म्हणतात, "सर, सिस्टर आम्हाला नुसत्या चादरी बदलायला लावतात." नातेवाईक ओरडतात, "ओ डॉक्टर, सलाईन संपलं!" आणि खरे डॉक्टर येतात ते म्हणतात, "ब्रदर, जरा बाजूला." पाच मिनिटांत एकाच माणसाला सर, डॉक्टर आणि ब्रदर अशा तिन्ही हाका. तिन्ही हाकांना 'हो' म्हणायची सवय लागली की माणूस या पेशात मुरला म्हणायचा. दुपारी वर्गावर तास. मग जर्नलं. प्रत्येक मुलीनं पेशंट बघायचा, त्याचं दुखणं काय, त्याची देखभाल कशी करायची याचा आराखडा लिहायचा आणि आम्ही पानापानावर सही करायची. मग फायली. तपासणी पथक कधीही येईल म्हणून बाराही महिने तयार ठेवायच्या फायली.

ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट आहे त्या वर्षी मी याशिवाय कॉलेजच्या बसचा इन्चार्ज होतो, स्नेहसंमेलनाचा इन्चार्ज होतो आणि मुलींच्या होस्टेलच्या पाण्याच्या टाकीचा इन्चार्ज होतो. टाकीची ऑर्डर मला लेखी मिळाली होती. मी ती अजून जपून ठेवली आहे. सोलापुरात पाणी रोज येत नाही, येतं तेव्हा आपल्या सोयीनं येतं. त्यामुळे मी औषधांचे डोस शिकवत असतानाही माझा एक कान नळाकडे असायचा.

अशा माणसाकडे प्राचार्यांनी 'ताणतणावाचे व्यवस्थापन' हा धडा दिला होता. का दिला, हे मी विचारलं नाही. बहुधा बाकी कुणी घेतला नसावा. मी फळ्यावर ताणाची लक्षणं लिहिली: झोप न लागणे, चिडचिड, मानेत दुखणे, एकाच कामावर लक्ष न लागणे. लिहिताना एकाही लक्षणाशी माझी ओळख निघाली नाही, हे विशेष. मग मुलींना म्हटलं, डोळे मिटा, खोल श्वास घ्या. तेवढ्यात फोन थरथरला. कॉलेजच्या ग्रुपवर निरोप होता, 'माने सर, टाकी वाहतेय.' मी दारातून शिपायाला हाका मारल्या, कॉक बंद करायला सांगितलं, परत आलो तर दोन मुली खुसखुसत होत्या.

"शांत व्हा म्हटलं ना!" मी टेबलावर डस्टर आपटला. "रिलॅक्स म्हणजे रिलॅक्स! किती वेळा सांगायचं?"

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आधी तुमी घ्या की श्वास."

कुणाचा आवाज ते मला त्या दिवशी कळलं नाही. नंतर कळलं. ती महादेवी होती.

महादेवी अक्कलकोटच्या पलीकडच्या, कर्नाटकाला टेकलेल्या गावची. घरी कन्नड, शाळेत मराठी, आणि कॉलेजात आमचं इंग्रजीत बुडवलेलं मराठी. त्यामुळे ती बोलायच्या आधी अर्धा क्षण थांबायची. मला वाटायचं, हिला उत्तर येत नाही. ती खरं तर तीन भाषांतून योग्य शब्द निवडत असायची. शहरात ती मामाकडे राहायची, पूर्व भागात. घराच्या भिंतीला लागूनच यंत्रमागांची शेड. दिवसभर खटखट, खटखट. मामा त्याच शेडमध्ये उभं आयुष्य कामाला. हे सगळं मला तेव्हा माहीत असायला हवं होतं, कारण मी तिचा वर्गशिक्षक होतो आणि तिच्या माहितीच्या फॉर्मवर माझीच सही होती.

त्या वर्षीचा उन्हाळा वाईट होता. आमच्या डेमो रूममध्ये एक रबरी बाहुली आहे, पोरी तिला शांताकाकू म्हणतात. शांताकाकूला आम्ही रोज अंघोळ घालतो, इंजेक्शन देतो, नाकातून नळी घालतो. ती कधी तक्रार करत नाही. त्या वर्षी मात्र उकाड्यानं काकूसुद्धा चिकट झाली होती. हात लावला की हाताला रबर लागायचं. पंखा होता, पण तो गरम हवा या भिंतीकडून त्या भिंतीकडे नेण्याचं काम करायचा. खिडकीबाहेर कडुलिंबाचा मोहर गळत होता आणि आत मुली घाम पुसत सुया-चिमटे मांडत होत्या.

काकूला सगळं असतं, पण बीपी नसतं. म्हणून रक्तदाब मोजायच्या प्रात्यक्षिकाला मुली जोडीनं येतात, एक पेशंट होते, दुसरी मोजते. महादेवीची जोडीदारीण परीक्षेच्या भीतीनं सकाळपासून काही खाऊन आली नव्हती. ती ऐन वेळी चक्कर येऊन खाली बसली. काकूला सरकवून तिला पलंगावर निजवलं, साखरपाणी दिलं. आणि महादेवी हातात यंत्र घेऊन पेशंटवाचून उभी राहिली.

तेव्हा माझ्यातला उदार माणूस जागा झाला. मी खुर्ची ओढली आणि बाही वर केली. "घे, माझाच हात घे. माझं बीपी मला पाठ आहे. एकशेवीस-ऐंशी. तू बरोबर घेतलंस की नाही ते लगेच कळेल."

आता इथं माझा मूर्खपणा नीट सांगायला हवा. माझं बीपी एकशेवीस-ऐंशी आहे हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. नोकरीला लागताना कधीतरी मोजलं होतं, तेवढंच. पण वर्षानुवर्षं फळ्यावर 'नॉर्मल: १२०/८०' लिहून लिहून, जे फळ्यावर आहे तेच माझ्या अंगात आहे अशी माझी समजूत झाली होती. गणिताच्या मास्तरला आपलं आयुष्य सुटलेलं उदाहरण वाटावं, तसलाच प्रकार.

महादेवीनं दंडाला कफ, म्हणजे हवेचा पट्टा, बांधला. मनगटाची नाडी धरून आधी अंदाज घेतला. कोपराच्या खळगीत स्टेथोस्कोप ठेवला, पारा चढवला, सावकाश सोडला. हे मोजणं कसं असतं ते सांगतो. पारा खाली येत असतो, कानात काहीच नसतं, आणि एका ठिकाणी एकदम 'ठक' असा पहिला ठोका येतो. तो वरचा आकडा. ठोके येत राहतात आणि एका ठिकाणी गप्प होतात. तो खालचा. सगळी परीक्षा कानांची असते.

"एकशे अडुसष्ट, एकशे चार," ती म्हणाली.

मी हसलो. "कुणाचं?"

"तुमचं, सर."

वर्ग हसला. मी म्हटलं, "पुन्हा घे."

तिनं कफ सोडला, थोडं थांबली, पुन्हा बांधला. कफखाली दोन बोटं जातात का ते बघितलं. यंत्र माझ्या छातीच्या पातळीला आणलं. मी शिकवलेली एकही पायरी तिनं गाळली नाही. हे मला आज दिसतं. त्या दिवशी मी फक्त माझा पाठ आकडा ऐकायची वाट बघत बसलो होतो.

"एकशे बहात्तर, एकशे सहा."

"वाढलं?"

"व्हय, सर."

"बसल्या जागी? मी काय जिना चढून आलोय?"

ती अर्धा क्षण थांबली. "सर, मला ठोके तितंच ऐकू आले."

"ऐकू आले का भास झाले?" मी वर्गाकडे बघितलं. वर्गाकडे बघून बोलायची मला वाईट खोड आहे. "महादेवी, तुझ्या कानात यंत्रमाग चालतोय काय गं?"

सगळ्या हसल्या. चक्कर येऊन पडलेली पोरगीसुद्धा पडल्या पडल्या हसली. महादेवी हसली नाही. तिनं यंत्राची पेटी बंद केली, पाऱ्याची खिट्टी लावायला विसरली नाही, आणि बाजूला जाऊन उभी राहिली. मी गुणपत्रकात लिहिलं, 'रीडिंग चुकीचे.' पंचवीसपैकी आठ.

खरं तर मी त्या क्षणी दुसरा स्टेथोस्कोप मागवू शकलो असतो. आमच्याकडे शिकवण्यासाठी एक खास स्टेथोस्कोप आहे. एकच तबकडी आणि तिला कानांच्या दोन जोड्या. मुलगी ऐकते तेच शिक्षकाला ऐकू येतं. तो आणला असता तर सगळं दोन मिनिटांत मिटलं असतं. पण तो तपासणी पथकाला दाखवायच्या कपाटात होता, प्लास्टिकच्या पिशवीसकट. कपाटाची किल्ली प्राचार्य मॅडमकडे. आमच्याकडे चांगली वस्तू आली की ती आधी कपाटात जाते. मुलींना शिकवण्यासाठी आणलेली वस्तू मुलींच्या हाती लागून खराब होऊ नये, याची काळजी आम्ही घेतो.

घरी गेल्यावर हा किस्सा मी रंगवून सांगितला. अलका, माझी बायको, भाकरी थापत होती. ती हसली नाही. "आन समजा खरं आसंल तर?"

"अगं, शिकाऊ पोरगी आहे ती."

"मान दुखती म्हणून रोज बाम चोळायला लावता. मग ती मान कशानं दुखती?"

"उन्हानं. उशी कडक आहे. शिवाय गाडीचं शॉकॲबसॉर्बर गेलंय."

"लोकास्नी सांगता मीठ कमी खावा," ती ताटाकडे बघत म्हणाली, "आन हितं शेंगाची चटणी भाकरीएवढी लागती. एकदा मोजून तरी घ्या की."

"मी नर्सिंगचा माणूस आहे. मला कळतं."

हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल त्याला सीमा नाही. गाडीच्या शॉकॲबसॉर्बरला माझ्या मानेचा दोष देणारा माणूस नर्सिंगचा होता, हे मात्र खरं.

आठ दिवसांनी गुणांची यादी करताना असं निघालं की बोर्डाच्या परीक्षेला बसायला जे निम्मे अंतर्गत गुण लागतात, त्यांत महादेवी चार गुणांनी कमी पडते. सगळ्या वर्गात एकटी. ती बसली नाही तर तिचे सहा महिने जाणार, मैत्रिणी पुढच्या वर्गात जाणार आणि ती मागे उरणार. प्राचार्य मॅडमनी मला बोलावलं. "माने सर, एकच मुलगी आहे. वागायला चांगली आहे. बघा ना काहीतरी."

इथं मी ताठ झालो. आयुष्यभर मी नियमाच्या माणसांचं कौतुक दुरून केलं होतं, आज माझी पाळी आली होती. "मॅडम," मी म्हटलं, "जिला बीपी ऐकू येत नाही तिच्या हाती उद्या पेशंट द्यायचा? मी खोटे गुण देणार नाही."

बाहेर आलो तेव्हा मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं. मानेमागची शीर ठणकत होती, तरी बरं वाटत होतं. आजवरच्या नोकरीत मी बाणेदारपणा एकदाच दाखवला, आणि तो साफ चुकीच्या जागी दाखवला.

दुसऱ्या दिवशी महादेवी वॉर्डात आली नाही. मी हजेरीत गैरहजर लिहिलं, आणि वर नसीम मॅडमना म्हटलंसुद्धा, "बघा, गुण गेले की जबाबदारीही जाते." नसीम मॅडम माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. आमच्या दोघांच्या टेबलांमध्ये जर्नलांची एक भिंत आहे, तिच्या वरून आम्ही बोलतो. त्या दिवशी भिंतीपलीकडून फक्त एवढं आलं, "जल्दी मत बोलो, सर."

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी महादेवी स्टाफरूमच्या दारात आली. हातात घडी घातलेला कागद. तो तिनं माझ्यासमोर ठेवला. सरकारी दवाखान्याचा केसपेपर होता आणि त्याला टाचलेला एक आलेख. दोन रेघा, एक उजव्या कानाची, एक डाव्या कानाची. दोन्ही जिथं असायला हव्यात तिथं, सरळ.

"काय हे?"

"कान तपासून घेतलं, सर. दोन्ही नॉर्मल हायत म्हणले."

"कशाला गेली होतीस?"

ती अर्धा क्षण थांबली. "तुमी म्हणलात की सर, कानात यंत्रमाग चालतो. ते खरं बी आसू शकतं म्हणलं. मामाला ऐकू येत न्हाय. मागावर उभा राहून राहून कान गेलं त्याचं. आमचं घर तितंच हाय, भिंतीला भिंत. दोन वर्सं झाली मी तितं ऱ्हाते." "आव्वाला, आईला, अजून सांगितलं न्हाय काही. मी ठरवलं होतं, कानच खराब निघालं तर गावाकडं जायचं. ज्या नर्सला ठोका ऐकू येत न्हाय ती पेशंट मारंल की, सर."

भिंतीपलीकडे नसीम मॅडमचं पेन थांबलं होतं.

या मुलीनं माझा विनोद घेतला होता आणि रांगेत उभी राहून, केसपेपर काढून, कानांवर यंत्र चढवून तो तपासून आणला होता. माझा शब्द तिनं निदान म्हणून घेतला होता. आणि मी? मला मात्र बायकोचं म्हणणं एकदा तपासून बघावंसं वाटलं नव्हतं.

नसीम मॅडम उठल्या. बाहेर गेल्या. पाचेक मिनिटांनी आल्या तेव्हा त्यांच्या हातात तो कपाटातला स्टेथोस्कोप होता, अजून पिशवीत. प्राचार्य मॅडम मागून दारापर्यंत आल्या होत्या. "अहो, इन्स्पेक्शनला तो नवा दिसायला हवा..."

"नया ही है, मॅडम. अबतक किसीने सुनाच नै," नसीम मॅडम म्हणाल्या आणि दातांनी पिशवी फाडली. मग माझ्याकडे वळल्या. "हात काढा, सर."

मी बाही वर केली. महादेवीनं कफ बांधला. कानांची एक जोडी तिनं घातली, दुसरी नसीम मॅडम घालणार होत्या. मी म्हटलं, "मला द्या."

स्वतःच्या हाताचा ठोका स्वतः ऐकायला बसलेला माणूस कसा दिसत असेल, मला माहीत नाही. महादेवीनं पारा चढवला. दोनशेपर्यंत नेला आणि सोडायला लागली. कानात शांतता. एकशे नव्वद. शांतता. एकशे ऐंशी. मी मनात म्हणत होतो, अजून खूप खाली यायचंय, एकशेवीसपर्यंत यायचंय. आणि एकशे चौऱ्याहत्तरला ठक झालं. स्वच्छ, टणक. ज्याला कान आहेत त्याला चुकणारच नाही असा. महादेवीनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं फक्त एक बोट उचलून पाऱ्याच्या काचेवर टेकवलं, जिथं ठोका आला होता तिथं. ठक, ठक, ठक. कोपरात माझाच यंत्रमाग चालू होता. तो एकशे आठला बंद झाला.

कान काढले. खोलीत पंख्याचा आवाज आला. महादेवीच म्हणाली, "सर, पाणी देऊ का?"

पुढचं सगळं सरळ आहे. आम्ही जिथं मुलींना नेतो त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांना हात दाखवला. त्यांनी गोळी दिली, मीठ तोडलं आणि सांगितलं, "ताण कमी करा." मी 'हो' म्हणत होतो तेव्हा खिशात फोन थरथरला. टाकी वाहत होती.

गुणांची यादी तोवर वर गेली होती. ती दुरुस्त करायला लेखी अर्ज लागणार होता. मी लिहिला: 'सदर विद्यार्थिनीने घेतलेले रीडिंग अचूक होते. माझा रक्तदाब खरोखरच तेवढा होता, याची मला कल्पना नव्हती.' प्राचार्य मॅडमनी तो दोनदा वाचला. "असं कसं पाठवायचं, माने सर? लोक हसतील. 'नजरचुकीने' असं लिहा."

"नजरचुकीने नाही मॅडम, मी तोंडानं चुकलोय. सगळ्या वर्गासमोर."

मग त्यांनी अर्ज तसाच पाठवला. त्याबद्दल मला एक मेमो आला, तो टाकीच्या ऑर्डरशेजारी ठेवला आहे. पण गुण दुरुस्त झाले. पंचवीसपैकी तेवीस. दोन मी कापले, कारण पारा सोडायचा तिचा वेग किंचित जास्त होता. बाणेदारपणा अंगात थोडा उरला होता.

वर्गासमोर कबूल करणं त्याहून अवघड होतं, आणि तेही मी धड केलं नाही. माफी मागायला उभा राहिलो आणि बोलता बोलता रक्तदाबावरचं लेक्चर सुरू झालं. लक्षणं, कारणं, धोके. उदाहरण म्हणून स्वतःचंच घेतलं. मुली वह्या काढून लिहायला लागल्या. मला वाटलं, छान, विषय निभावला. आठवड्यानं जर्नलं तपासायला आली तेव्हा कळलं, त्यांनी काय लिहून घेतलं होतं. त्या महिन्याचा पेशंट म्हणून वर्गातल्या बहुतेक सगळ्या मुलींनी मलाच घेतलं होतं. उन्हात वॉर्डात कोण जाणार? पेशंट आयता समोर उभा होता. 'झोप अपुरी, जर्नल तपासण्याशी संबंधित.' 'चिडचिड, पाण्याच्या टाकीशी संबंधित.' एकीनं लिहिलं होतं, 'रुग्ण सूचना पाळत नाही, सूचना देतो.' त्याखाली नसीम मॅडमनी माझ्या आधीच लाल पेनानं लिहून ठेवलं होतं, 'अचूक निरीक्षण.' आणि माझ्या दुखण्याच्या त्या सगळ्या पानांवर मला सह्या करायच्या होत्या.

महादेवीचा आराखडा सगळ्यांत छोटा होता. 'समस्या: रुग्णाला आपलं बीपी माहीत आहे असं वाटतं. उपाय: दर शनिवारी मोजणे. मूल्यमापन:' आणि पुढे कोरं.

"हे रिकामं का?" मी विचारलं.

"अजून कुटं झालंय, सर?"

मग ती दर शनिवारी यायची. जर्नलच्या मागच्या पानावर तारीख आणि आकडा लिहायची. सुरुवातीला आकडा सांगितल्यावर अर्धा क्षण माझ्या तोंडाकडे बघायची, मी काय म्हणतो म्हणून. ते बघणं मला टोचायचं. मी शिकवलेल्या गोष्टींत ती एक गोष्ट तिनं फार चांगली शिकली होती: आपल्या कानांपेक्षा सरांच्या तोंडाकडे बघायचं. ती विसरायला तिला सगळा पावसाळा लागला. मग कधीतरी एका शनिवारी तिनं आकडा सांगितला, लिहिला आणि माझ्याकडे न बघता पेटी बंद केली. त्या दिवशी आकडा चांगला होता की वाईट, आता आठवत नाही.

पावसाळा सरल्यावर बोर्डाच्या प्रात्यक्षिकाला बाहेरून परीक्षक आल्या होत्या. मी आत जाऊ शकत नव्हतो, म्हणून व्हरांड्यात फायली शोधण्याचं नाटक करत खिडकीपाशी उभा होतो. महादेवीच्या समोर वॉर्डातल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. तिनं आकडा सांगितला. परीक्षक बाई भुवया उंचावून म्हणाल्या, "नक्की? पुन्हा घ्यायचंय का?"

माझं फायली शोधण्याचं नाटक थांबलं.

महादेवी थांबली नाही. "न्हाय, मॅडम. ठोका तितंच हाय."

आता ती अक्कलकोटकडच्या एका दवाखान्यात सिस्टर आहे. मराठी पेशंटशी मराठी, कन्नड पेशंटशी कन्नड. मधूनमधून फोन येतो. "सर, किती हाय?" एवढंच विचारते. मी आकडा सांगतो. "मूल्यमापन अजून चालू हाय," म्हणते आणि ठेवते.

नोकरीत फारसं काही बदललं नाही. जर्नलांची भिंत तेवढीच आहे, फायली वाढल्या आहेत, ग्रुपवर निरोप पहाटेपासून येतात. टाकी आता दुसऱ्या सरांकडे गेली, त्यांची मान दुखते असं ऐकतो. दोन कानांच्या जोड्यांचा तो स्टेथोस्कोप कपाटात परत गेला नाही. डेमो रूममध्ये खिळ्याला लटकलेला असतो, त्याच्या कानाचं एक रबर हरवलंय. आणि दर वर्षी अंतर्गत प्रात्यक्षिकाच्या पहिल्या दिवशी पहिला पेशंट मी होतो. मुलींना वाटतं, ही कॉलेजची रीत आहे.

या सोमवारी वेळापूरकडची एक मुलगी आली. खळीचा गणवेश करकरत होता. कफ बांधला, पारा चढवला, सोडला. मग यंत्राकडे बघत उभी राहिली.

"किती?"

"सर, चुकलं वाटतं. परत घेते."

"आधी सांग तर."

"एकशे पन्नास, शहाण्णव." आणि घाईघाईनं, "पण सर, तुमचं तर एवढं नसणार. माझंच काहीतरी..."

जिभेवर 'पुन्हा घे' आलेलं होतं. इतक्या वर्षांनंतरही ते तिथंच असतं, दाराआड उभं असल्यासारखं. मागे वर्ग बघत होता. परीक्षेच्या गडबडीत तीन दिवस मी गोळी घेतली नव्हती, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मला, आणि आता तिच्या कानांना.

"ठोका कुठं आला?" मी विचारलं.

तिनं बोट उचलून काचेवर ठेवलं.

मी रकान्यात तिचा आकडा लिहिला, पुढे पूर्ण गुण लिहिले आणि खाली सही केली. मग बॅगेच्या कप्प्यातून गोळ्यांची पट्टी काढली आणि तिलाच म्हटलं, "तो पाण्याचा तांब्या दे गं जरा इकडं."